बेस ॲम्प आणि कॅबिनेट जोडायच्या आधी एवढं बघा

"माझं हेड ५०० वॅटचं आहे आणि कॅब ३०० ची, लावली तर उडेल का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा बसून नीट लिहूनच टाकतो. हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, कॅब म्हणजे स्पीकरचं खोकं. अडचण अशी की हा प्रश्न अर्धाच आहे. कॅब किती ओहमची ते सांगितल्याशिवाय त्या ५०० ला काही अर्थ नाही, आणि नवीन मुलं नेमकं तेच सांगत नाहीत, कारण वॅट हेडच्या तोंडावर मोठ्या अक्षरात असतात आणि ओहम मागे जॅकच्या बाजूला बारीक छापलेले असतात.

मी नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, रविवारी चर्चच्या ग्रुपमध्येही वाजवतो. लग्नाची लॉन्स, गणपतीतले कार्यक्रम, इंदिरानगरची छोटी प्रॅक्टिस रूम, सगळीकडे स्वतःचं हेड आणि कॅब उचलून नेलंय, त्यामुळे जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे.

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा की इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओहम बघायचे ते ॲम्प वाचवायला, वॅट बघायचे ते स्पीकर वाचवायला. आधी ओहम, ते जुळले तरच वॅटकडे वळायचं.

पायरी १: हेडच्या मागे काय लिहिलंय ते वाचा

स्पीकर आउटपुटच्या शेजारी "मिनिमम ४ ओहम" किंवा "मिनिमम २ ओहम" असं काहीतरी सापडेल. हा आकडा म्हणजे या ॲम्पची खालची हद्द. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, जसे ओहम कमी तसा करंट जास्त. गंगापूर धरणाचा दरवाजा जितका वर उचलाल तितकं पाणी सुटतं, तसंच धरा. ४ ओहमच्या हेडला २ ओहमचा लोड (म्हणजे जोडलेल्या कॅबचे एकूण ओहम) लावला की तेवढ्याच व्हॉल्यूमला करंट डबल जातो, ॲम्प तापतो, नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसतो आणि नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात.

उलट बाजूने काही भीती नाही. ४ ओहमच्या ट्रान्झिस्टर हेडला ८ ओहमची कॅब लावली तर ॲम्पला आरामच मिळतो, फक्त पॉवर कमी निघते. किती कमी? कागदावर निम्मी, प्रत्यक्षात बहुतेक हेडमध्ये निम्म्यापेक्षा थोडी जास्त. फेंडरचा रंबल ५०० कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घ्या, त्याचे आतले स्पीकर मिळून ८ ओहम होतात आणि एकटा वाजवला तर तो ३५० वॅट देतो, बाहेरून अजून एक ८ ओहमची कॅब लावली तरच ५०० निघतात. म्हणजे खोक्यावर ५०० लिहिलंय म्हणून घरी आणल्याबरोबर ५०० मिळतील असं नाही.

वाल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्या हेडला हा नियम लावू नका. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे स्विच किंवा जॅकवर जेवढे ओहम लिहिलेत तेवढ्याचीच कॅब लावायची, आणि कॅब न लावता ट्यूब ॲम्प चालू करून वाजवायचा तर अजिबातच नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. आपल्याकडे ही हेड फार दिसत नाहीत पण एखाद्या मोठ्या शोच्या बॅकलाइनला, म्हणजे आयोजकांनी स्टेजवर ठेवलेल्या ॲम्पमध्ये, अँपेगचं एसव्हीटी हेड पुढ्यात आलं तर हे आठवू द्या. १९६९ चं डिझाइन, ३०० वॅट, सगळी ट्यूबवर.

पायरी २: कॅबचे ओहम आणि बेरीज

कॅबच्या मागच्या पट्टीवर ओहम असतात, बेसच्या कॅब बहुतेक ८ किंवा ४ च्या. एकच कॅब असेल तर गणित संपलं. दोन असतील तर इथेच बहुतेकांची फसगत होते.

हेडवर दोन स्पीकर जॅक असले तरी आतून ते सहसा एकमेकांना समांतर जोडलेले असतात. आणि एका कॅबमधून दुसऱ्या कॅबमध्ये वायर नेली तर ती सीरिज होते असं खूप जणांना वाटतं, तेही चूक, कॅबच्या मागचे दोन सॉकेटसुद्धा समांतरच असतात. वायर कशीही न्या, लोड तोच. ८ आणि ८ मिळून ४. ४ आणि ४ मिळून २. ८ आणि ४ मिळून २.६७, म्हणजे ४ च्या हद्दीच्या खाली, चालणार नाही. ८ च्या तीन कॅब लावल्या तरी तेच २.६७. सूत्र पाहिजे असेल तर दोन आकड्यांचा गुणाकार भागिले दोन आकड्यांची बेरीज.

म्हणून पहिली कॅब विकत घेताना माझं स्पष्ट मत आहे, ८ ओहमची घ्या. पुढे कधीतरी दुसरी ८ ची घेतली की दोन्ही मिळून ४ होतात आणि हेडची पूर्ण पॉवर मिळते. ४ ची एकच घेतली तर तिथेच अडकता, ४ ओहमच्या हेडवर तिच्या सोबत दुसरं काहीच लावता येत नाही. एकट्या ८ च्या कॅबवर आवाज फार कमी पडेल ही भीतीही सोडा. पॉवर निम्मी झाली म्हणजे ३ डेसिबलचा फरक, कानाला जाणवतो पण निम्मा आवाज नाही वाटत. आवाज दुप्पट वाटायला पॉवर साधारण दहापट लागते. वॅटच्या मागे लागण्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे तेवढ्याच पॉवरला जास्त डेसिबल देणारी कॅब बघा. एका कॅबची सेन्सिटिव्हिटी ९७ आणि दुसरीची १०० असेल तर १०० वाली अर्ध्या पॉवरवर तेवढंच वाजते.

पायरी ३: आता वॅट

कॅबवर तीन प्रकारचे वॅट लिहिलेले असू शकतात आणि दुकानदार तुम्हाला त्यातला सगळ्यात मोठा सांगणार. आरएमएस किंवा कंटिन्युअस हा खरा आकडा. प्रोग्राम म्हणजे बहुतेक वेळा त्याचा डबल, पीक म्हणजे चौपट. ३०० आरएमएसची कॅब १२०० पीक म्हणून विकता येते, कॅब तीच आहे. तुम्ही फक्त आरएमएस बघा, कुठेच लिहिलं नसेल तर पीकला चारने भागून धरा.

मग हेड त्या ओहमला जेवढे वॅट देतं ते घ्या आणि कॅबचे आरएमएस वॅट तेवढे किंवा थोडे जास्त आहेत ना बघा. वरच्या प्रश्नातलं ५०० चं हेड जर ४ ओहमला ५०० असेल आणि ३०० ची कॅब ८ ओहमची असेल, तर तिथे हेडमधून निघणार साधारण ३०० च्या आसपास, म्हणजे जोडी बरोबर आहे. तीच कॅब ४ ची असेल तर पूर्ण ५०० तिच्या अंगावर येऊ शकतात, मग व्हॉल्यूमचा हात जपून. डिस्टॉर्शन किंवा जोरात कॉम्प्रेसर लावून वाजवणाऱ्यांनी कॅब अजून मोठी घ्यावी, दीडपट-दुप्पट, कारण अशा आवाजात स्पीकरला थंड व्हायला मधे फटच मिळत नाही.

दोन कॅब असतील तर पॉवर कशी वाटली जाते तेही बघा. दोन्ही ८ च्या असतील तर निम्मी-निम्मी. मग एक कॅब २०० ची आणि दुसरी ४०० ची असेल तर बेरीज ६०० धरू नका, ५०० च्या हेडमधून दोघींना २५०-२५० जाणार आणि २०० वाली आधी मरणार. त्या जोडीची खरी झेप ४०० ची. आणि २ ओहमला चालणाऱ्या हेडवर ४ आणि ८ ची जोडी लावली तर ४ वालीकडे दोन तृतीयांश पॉवर जाते.

स्पीकर मरतो कसा

हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं म्हणून इथे थोडं थांबतो. स्पीकरचा पुढे दिसणारा पडदा म्हणजे कोन, आणि त्याच्या मागे चुंबकाच्या फटीत बसलेली, त्याला हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल.

मागे औरंगाबाद रोडवरच्या एका लॉनवर कार्यक्रम होता, उघडं मैदान, मागे भिंत नाही, वर छत नाही. खोलीत बेसला भिंतींचा आधार मिळतो, उघड्यावर तो नसतो, खालचे सूर निघून जातात आणि स्टेजवर आपल्याला वाटतं आपण वाजतच नाही. त्यात आपल्या गावाचे कान नाशिक ढोलावर वाढलेले, समोरून "बेस वाढव, बेस वाढव" सुरूच. रात्री १० ला उघड्यावरचा साउंड बंद करायचा असतो त्यामुळे शेवटचा अर्धा तास सगळ्यांना सगळं फुल पाहिजे असतं, आणि स्पीकर जास्तीत जास्त त्याच अर्ध्या तासात जातात. मी मास्टर व्हॉल्यूमला हात न लावता फक्त बेसचा नॉब उजवीकडे फिरवला. कॅब आणि हेड कागदावर बरोबर जुळत होते. तिसऱ्या गाण्यात फट् फट् असा आवाज यायला लागला, मला वाटलं वायर सैल आहे, मी वाजवत राहिलो, आणि मग नुसतं घर्र.

दुसऱ्या दिवशी रिकोनवाल्या, म्हणजे स्पीकरचा कोन-कॉइल बदलून देणाऱ्या काकांकडे स्पीकर घेऊन गेलो. त्यांनी काही न विचारता स्पीकर टेबलावर उताणा ठेवला, दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) दोन बाजूंना ठेवून कोन हळूच खाली दाबला आणि मला म्हणाले, कान लाव. वाळूवर पत्रा ओढल्यासारखा आवाज आला. "कॉइल घासतेय, बाळा." ब्लेडने कोन कापून वर काढला तर कॉइल बाहेर आली, खालच्या बाजूचे वेढे विस्कटलेले, तांब्याचा रंग जाऊन काळपट-जांभळा झालेला, आणि जळक्या वार्निशचा वास. ज्या नळकांड्यावर कॉइल गुंडाळतात त्याची खालची कड आत वाकली होती. काका म्हणाले, ही आधी मागे आपटलीय, मग जळलीय.

स्पीकर मरायच्या वाटा याच दोन, कॉइल तापून जळते किंवा कोन त्याच्या मर्यादेबाहेर पुढेमागे जाऊन कॉइल आपटते. वॅटचा आकडा मुख्यतः पहिल्या वाटेबद्दल सांगतो, दुसरीबद्दल जवळजवळ काहीच नाही. चार तारांच्या बेसची खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी ३१ ची. तेवढ्याच आवाजासाठी सूर एक सप्तक खाली गेला की कोनला चौपट हलावं लागतं. आणि कॅबला पोर्ट, म्हणजे हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक, असेल तर पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधार सुटतो, कोन नुसता फडफडतो, ऐकू काही येत नाही पण कॉइल आपटत असते. त्यात बेसचा नॉब ६ डेसिबल वाढवला म्हणजे त्या पट्ट्यात चौपट पॉवर मागितली. मी त्या दिवशी ३०० वॅटच्या कॅबला खालच्या सुरांवर किती द्यायला लावत होतो ते तुम्हीच बघा.

म्हणून उघड्यावर बेसचा नॉब मधेच ठेवा, वाढवायचंच असेल तर लो-मिड, साधारण २०० ते ४०० हर्ट्झ वाढवा, तिथेच बेस कानाला कळतो. हेडमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा) असेल तर ३०-४० हर्ट्झच्या आसपास लावून ठेवा, नसेल तर पेडल मिळतं, मी आता त्याशिवाय लॉनवर जात नाही. आणि आवाज लोकांपर्यंत पोचवायचं काम कॅबचं नाहीच, हेडच्या डीआय आउटमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणारं सॉकेट) साउंडवाल्याला लाइन द्या. कालिदास कलामंदिरात वाजवा नाहीतर लॉनवर, कॅब ही स्टेजवरच्या चार जणांसाठी आहे.

छोट्या ॲम्पने स्पीकर जळतो असंही ऐकाल. नुसत्या कमी पॉवरने काही जळत नाही, हळू वाजवल्याने कुठला स्पीकर गेलाय? गडबड तेव्हा होते जेव्हा १०० वॅटचा ॲम्प ढोलाच्या बरोबरीला नेण्यासाठी सतत क्लिप होईपर्यंत, म्हणजे ताकद संपून आवाजाच्या लहरीचे शेंडे कापले जाईपर्यंत ओढतात. पूर्ण क्लिप झालेला १०० वॅटचा ॲम्प जवळजवळ २०० पर्यंत देऊ शकतो, आणि कॅबमध्ये हॉर्न किंवा ट्वीटर असेल तर आधी तो जातो. क्लिपचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालतं, पेटलेलाच राहिला तर कमी करा.

पायरी ४: वायर

गिटारची वायर आणि स्पीकरची वायर, दोन्हीला तोच पी-३८, म्हणजे पाव इंची जॅक असतो, बाहेरून सारख्या दिसतात, पण गिटारच्या वायरमधली आतली तार केसाएवढी. ४ ओहमला ५०० वॅट म्हणजे ११ अँपिअरच्या वर करंट. प्रॅक्टिस रूममध्ये एकदा एकाने घाईत गिटारची वायर हेड आणि कॅबमध्ये लावली होती, आवाज बारीक येतोय म्हणून सगळे ईक्यू फिरवत होते, मी वायर हातात घेतली तर गरम. वायर वितळून शॉर्ट झाली की मार ॲम्पला बसतो.

एमजी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत स्पीकरची दोन कोअरची तांब्याची वायर मीटरवर मिळते, १.५ एमएम चालते, अडीचची उत्तम. हेड आणि कॅब दोन्हीला स्पीकॉन (खास स्पीकरसाठीचा कनेक्टर) असेल तर स्पीकॉनच लावा, वायर १ प्लस आणि १ मायनसला. स्पीकॉन फिरून लॉक होतो, पी-३८ चा जॅक ॲम्प चालू असताना ओढला तर निघता निघता शॉर्ट होऊ शकतो.

पायरी ५: साउंडवाल्याच्या ॲम्पवर कॅब लावताना

आपल्याकडे बऱ्याचदा हेड नेत नाही, फक्त कॅब नेतो किंवा साउंडवाला म्हणतो लाव रे माझ्या ॲम्पला. तेव्हा दोन गोष्टी विचारा. त्याचा पॉवर ॲम्प ब्रिजवर, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवायच्या सेटिंगवर आहे का? ब्रिजवर प्रत्येक चॅनलला तुमची ८ ची कॅब ४ ची दिसते आणि व्होल्टेज डबल असतो, म्हणजे एका चॅनलच्या चौपटीपर्यंत पॉवर तुमच्या कॅबवर येऊ शकते.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. शाळा, मंदिरं, सभा यासाठी जे अहुजासारखे पीए ॲम्प असतात त्यांच्या मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहमच्या स्क्रूसोबत ७० आणि १०० व्होल्टचेही स्क्रू असतात, ते लांबवरच्या भोंग्यांसाठी, ज्यांच्यात ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तिथे ८ ओहमची बेस कॅब लावली तर गणिताने १२५० वॅट मागितले जातात, ना तो ॲम्प ते देऊ शकतो ना कॅब झेलू शकते. कॅब लावायची ती कॉमन आणि ८ वर, आणि स्क्रूवर बोट ठेवून स्वतः वाचून मगच.

परदेशातून कोणी हेड आणलं असेल तर मागे १२० व्होल्ट लिहिलंय की २३० तेही बघा, १२० चं हेड आपल्या बोर्डात लावलं तर ओहम-वॅट जुळवायची वेळच येणार नाही.

पायरी ६: चालू करण्याआधी दोन मिनिटं

जुनी किंवा भाड्याची कॅब असेल तर आधी मल्टीमीटर लावा, साधा स्वस्तातला चालतो. कॅबची वायर हेडमधून काढा आणि जॅकच्या टोकाला एक प्रोब, दांड्याला एक. ८ ओहमची कॅब मीटरवर ५.५ ते ७ दाखवते, ४ ची ३ ते ३.५, कारण मीटर डीसीचा रेझिस्टन्स मोजतो आणि तो लिहिलेल्या ओहमपेक्षा कमीच असतो, घाबरू नका. काहीच दाखवलं नाही तर वायर तुटलीय किंवा कॉइल गेलीय. चार स्पीकरची ८ ओहमची कॅब १२-१३ दाखवत असेल तर एक स्पीकर बंद आहे आणि त्याच्यासोबत सीरिजमधला जोडीदारही गप्प बसलाय, उरलेल्या दोघांवर सगळा भार. अशी कॅब फुल वाजवू नका.

दोन कॅब एकत्र लावल्यावर बेस वाढायच्या ऐवजी पोकळ झाला तर एकीची वायर उलटी आहे. पेन्सिल सेल घ्या, प्लस जॅकच्या टोकाला, मायनस दांड्याला, क्षणभरच टेकवा. दोन्ही कॅबचे कोन एकाच बाजूला सरकले पाहिजेत, शक्यतो बाहेर. ग्रिल असेल तर मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

मग व्हॉल्यूम शून्यावर, कॅब जोडा, नंतर हेड चालू. बंद करताना आधी हेड, मग वायर. वाजवताना फट् फट्, टक टक, घर्र, किंवा वार्निशसारखा वास, यातलं काहीही आलं की गाणं चालू असलं तरी आधी बेसचा नॉब खाली घ्या, मग मास्टर. वायर सैल असेल असं मनाशी म्हणत वाजवत राहू नका.

आणि घरी आल्यावर एक चिठ्ठी करा, कॅबच्या मागे पक्क्या चिकटपट्टीने लावा: ओहम, आरएमएस वॅट, मीटरचं रीडिंग आणि तारीख. माझ्या कॅबवर ५.९ लिहिलंय, रिकोन करून आणली त्या दिवशीचं. प्रत्येक सीझनच्या आधी, गणपतीच्या आठवडाभर अलीकडे, मी पुन्हा मोजतो आणि खाली लिहितो. आकडा तोच आला आणि कोन दाबल्यावर घासला नाही तरच कॅब गाडीत चढते.